भिंतीकडची, समुद्राकडची

बिएल्ला, ९ एप्रिल १९७४

मान्यवर बाई,

आपली ओळख नाही. गेल्या गुरुवारी, ४ तारखेला, दुपारी सव्वाबाराला तुमच्या दुकानाच्या रांगेत राखाडी डगला घातलेला एक ठेंगणा माणूस आठवा उभा होता. सँडविच हातात पडल्यावर त्याने खिशातून पोलादी पट्टी काढली. तेव्हा तुम्ही म्हणालात, "काय हो, सदरा शिवायचाय का त्याला?" आणि सगळी रांग हसली. तो माणूस मी. दुकानाच्या पाटीवरून नाव आणि गल्ली उतरून घेतली होती, म्हणून हे पत्र.

मी बेकऱ्यांच्या भट्ट्या बांधतो आणि दुरुस्त करतो. शाळा पाचवीत सुटली. पुढचं सगळं, म्हणजे विटेचं फुगणं-आकसणं, धुराड्याची ओढ, आचेचा हिशेब, मी पुस्तकं विकत घेऊन स्वतः शिकलो. कामासाठी वर्षातले सात महिने गावोगाव फिरतो, आणि प्रत्येक गावात स्वस्तात उत्तम खायला मिळेल अशी जागा शोधून वहीत नोंदवतो. वहीत आज दोनशे एकोणीस जागा आहेत. त्यांत दहापैकी नऊ गुण मिळालेल्या फक्त तीन होत्या. तुमची चौथी.

दीडशे लिरांत असं काही मिळू शकतं यावर माझा विश्वास नव्हता. पावाचं कवच दाताखाली मोडतं न मोडतं तोच आतली हरभऱ्याच्या पिठाची तोर्ता जिभेवर येते, पोळेल इतकी गरम, वर ताजी कुटलेली मिरी. तेल बेताचं. मीठ किंचित कमी, आणि ते तसंच हवं. माझ्यापुढचे लोक "एक पाच नि पाच" म्हणत होते. पाच सेंटांचा पाव आणि पाच सेंटांची तोर्ता असा जुना भाव होता आणि भाव गेला तरी नाव राहिलं, हे मला मागाहून कळलं.

दहावा गुण का नाही, हे सांगणं माझं कर्तव्य आहे. तुमची तोर्ता सगळीकडे सारखी नाही. खात्री करून घ्यायला मी परातीच्या दोन्ही टोकांची आणखी दोन सँडविचं घेतली, मापली, मग खाल्ली. एका कडेला जाडी आठ मिलिमीटर, समोरच्या कडेला चार. म्हणूनच प्रत्येक गिऱ्हाईक "भिंतीकडची द्या", "समुद्राकडची द्या" असं मागत बसतं आणि रांग खोळंबते. पीठ पातळ असतं, ते उताराकडे जातं. भट्टीची फरशी पाणसळीत आहे का, ते कुणाकडून तरी बघून घ्या.

आपला,
सिल्व्हानो पाउतास्सो


लिव्होर्नो, २८ एप्रिल १९७४

इंजिनिअरसाहेब,

तुमचं पत्र मी दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. सगळ्यांना आवडलं. आमचा नेदो, बंदरावर हमाली करतो, रोज दोन सँडविचं उभ्याउभ्या खातो, तो म्हणाला, "या माणसाला बायको नसणार. असली तर ती कुठल्या बाजूला किती जाड आहे हे बिचारीला रोज ऐकावं लागत असेल." रागावू नका. इथे ज्याची टिंगल होत नाही, तो आवडला नाही असं समजायचं.

आता तुमच्या दहाव्या गुणाचं. अहो, लोक खोळंबून मागत नाहीत, आवडीने मागतात. बंदरावरच्यांना समुद्राकडची पातळ लागते, कुरकुरीत, कडेला जरा करपलेली. भिंतीकडची जाड नि मऊ, ती म्हाताऱ्यांची. आमच्या सेत्तिमियाबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत, तोंडात दात शोधायला दिवा लागेल, त्या रोज अकराला येऊन भिंतीकडची घेतात. पोरांना मधली. मी नुसतं तोंड बघून कापते. तुम्ही परके म्हणून तुम्हाला मधली दिली.

आणि फरशी बघायची काही गरज नाही. माझा नवरा एजिस्तो सांगायचा की आमच्याकडे नैर्ऋत्येचा वारा आहे ना, लिबेच्चो, तो धुराड्यातून उतरतो आणि पीठ भिंतीकडे ढकलतो. आता वाऱ्याला मी काय सांगणार.

पण खरंच भट्टीतलं कळत असेल तर एक सांगा. आतल्या आठ फरश्या तडकल्यात, परात सरकवताना अडकते. इथला गवंडी "उद्या येतो" म्हणतो. मार्चपासून त्याचा उद्या चालू आहे.

ईरिदे लोमी


बिएल्ला, १२ मे १९७४

मान्यवर बाई,

मी इंजिनिअर नाही हे आधी स्पष्ट करतो. ज्यांना ती पदवी आहे, त्यांनी बांधलेल्या दोन भट्ट्या मी पाडून नव्याने बांधल्या आहेत, म्हणून ती पदवी मला नको.

नेदो यांना सांगा की बायको होती. १९६६ साली गेली. तिची जाडी मी कधी मापली नाही.

वाऱ्याबद्दल. वारा धुराड्यातून खाली उतरला तर धूर कोंडेल, विस्तव मंदावेल, परंतु पीठ ढकललं जाणार नाही. तुमच्या यजमानांविषयी मला आदर आहे, पण हे शास्त्रात बसत नाही.

तडकलेल्या फरश्या मी बदलून देतो. ऑगस्टमध्ये तुमचं दुकान बंद असेल, मलाही तेव्हा काम नसतं. मजुरी नको. फरश्या आमच्या इथल्या वीटभट्टीवाल्याकडून आणीन, तुमच्याकडे मिळतात त्या भुसभुशीत असतात. काम चालू असताना पाणसळही लावून बघतो. दोन तासांचा प्रश्न आहे, आणि मग तुमची प्रत्येक परात कडेपासून कडेपर्यंत सहा मिलिमीटर होईल. विचार करा.

आपला,
सिल्व्हानो पाउतास्सो


लिव्होर्नो, २० जून १९७४

इंजिनिअरसाहेब,

(नको म्हणालात म्हणून आता तर तेच म्हणणार.)

तुमच्या बायकोचं वाचून वाईट वाटलं. नेदोला झापलं. तो म्हणाला, "मला काय माहीत," आणि दुसरं सँडविच न घेता गेला. त्याच्या हिशेबाने ही फार मोठी माफी झाली.

या तुम्ही. मी १० ते २५ ऑगस्ट चेचिनाला बहिणीकडे असेन. किल्ली नेदोकडे. पण एक नीट ऐका. फक्त आठ फरश्या. पाणसळ लावायची नाही, बाकी काही हलवायचं नाही. ती भट्टी एजिस्तोने सत्तेचाळीस साली स्वतःच्या हाताने घातली. गाव बॉम्बने भुईसपाट झालेलं, गवंडी मिळत नव्हता, हा बंदरावर दोर ओढणारा माणूस, पडक्या घरांतनं विटा गोळा करून आणायचा. पुढे त्याने कुठल्याच गवंड्याला आत डोकं घालू दिलं नाही. पाच वर्षं झाली त्याला जाऊन, तरी माझंही मन होत नाही. इथल्या गवंड्याला बोलावलं तेसुद्धा परात अडकायला लागली म्हणून. तुम्हाला देतेय कारण तुम्ही तीन सँडविचं मापून मग खाल्लीत. असा माणूस चोरटा नसतो.

आणि तिरकं-बिरकं आमच्याकडे काही नाही. तिरका मनोरा बांधून वर तिकीट लावणं हे पीसावाल्यांचं काम. तो शब्द दुकानात काढू नका, लोक मला पीसाची म्हणायला लागतील, मग मेलेलं बरं.

ईरिदे


(गल्ल्यावर ठेवलेली चिठ्ठी)
लिव्होर्नो, १७ ऑगस्ट १९७४

ईरिदेबाई,

आठही फरश्या बदलल्या. सांधे दोन मिलिमीटर, आगीत टिकणाऱ्या मातीने भरलेत. पहिले तीन दिवस मंद आच द्या, चौथ्या दिवशी पूर्ण. किल्ली नेदो यांच्याकडे परत दिली आहे. त्यांनी विचारलं, "झालं का ऑपरेशन?" मी म्हटलं, झालं.

पहिली परात काढाल तेव्हा लक्ष देऊन बघा. बाकी काही लिहीत नाही.

सि. पाउतास्सो


लिव्होर्नो, २२ सप्टेंबर १९७४

इंजिनिअरसाहेब,

फरश्या झकास. परात लोण्यावरून सरकावी तशी सरकते. हात जोडते.

पण काहीतरी बिघडलंय. तोर्ता सगळीकडे सारखी होतेय. नेदोने समुद्राकडची मागितली, मी कापून दिली, तो चावला, थांबला, पावाच्या आत बघितलं आणि म्हणाला, "ईरिदे, ही सरकारी कचेरीतली तोर्ता झाली. सगळ्यांना सारखी, नि कुणालाच नको." सेत्तिमियाबाईंच्या हिरड्यांना कडा लागते. मी जाड ओतून बघितलं, तर बंदरावरचे म्हणतात ही काय खीर आहे का. दोन वेगळ्या करून बघितल्या, एक जाड एक पातळ. भट्टीत एका वेळी एकच मावते, दुसरी होईस्तोवर पहिली निवते, आणि निवलेली तोर्ता कुत्रंसुद्धा हुंगून सोडून देतं.

मला वाटलं वारा पडला असेल. पण मागच्या आठवड्यात लिबेच्चो असा सुटला की बाजाराचं छप्पर उडेल असं वाटलं, आणि तोर्ता मात्र टेबलासारखी सपाट.

तुम्हाला कळतं म्हणून सरळ विचारते. फरश्यांशिवाय तुम्ही काही हलवलंत का?

ईरिदे


बिएल्ला, १ ऑक्टोबर १९७४

मान्यवर ईरिदेबाई,

आपलं ठरलं होतं आठ फरश्यांचं, आणि आठ फरश्या मी बदलल्या. काम तुमच्या समोर आहे.

चव किंवा पोत बदलला असेल तर पिठाकडे बघा. यंदा हरभरा ओला होता, असं इकडे व्यापारी सांगतात. ओल्या दाण्याचं पीठ पाणी वेगळ्या रीतीने धरतं. तुमचा गिरणीवाला कोण? दळण किती बारीक? पीठ भिजवून किती तास ठेवता? चार ठेवत असाल तर सहा ठेवा. नव्या फरश्यांना मुरायलाही वेळ लागतो. धीर धरा.

सारखी तोर्ता ही वाईट गोष्ट नाही. लोकांना सवय नाही, एवढंच. दोन महिन्यांनी तेच म्हणतील की आधीची चुकीची होती.

आपला,
सिल्व्हानो पाउतास्सो


लिव्होर्नो, १७ नोव्हेंबर १९७४

पाउतास्सोसाहेब,

तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. सहा तास ठेवते. मीठ मोजून घालते, आयुष्यात पहिल्यांदा. आणि फानुक्कीचं पीठ बंद केलं. वीस वर्षं त्याच्याकडून घेत होते. त्याला सांगितलं की तुझं पीठ बिघडलंय. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "ईरिदेबाई, तेच जातं, तोच शेतकरी, तोच मी." मी म्हटलं, मग मी खोटं बोलतेय का? तो गोणी परत घेऊन गेला. दार मोठं असूनही अंग चोरून गेला, ते डोळ्यांपुढून जात नाही.

नव्या पिठाने काही फरक नाही. जरा वाईटच.

लोक बोलत नाहीत हो. लिव्होर्नोत लोकांनी तोंड बंद केलं की समजायचं. आधी रांगेत कोण कुणाची कुठली काढेल नेम नसायचा. "भिंतीकडची घेतलीस, म्हातारा झालास का रे," "ह्याला समुद्राकडची द्या, बायकोने दात पाडले नसतील तर." आता येतात, "एक द्या" म्हणतात, खातात, जातात. बंदरावरचे निम्मे आता मासळीवाल्या गल्लीत तळलेलं खातात. सेत्तिमियाबाई घरीच पाव दुधात बुडवून खातात. मी एकदा त्यांना जाड तुकडा नेऊन दिला. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "तू दमली आहेस, पोरी."

नेदो मात्र येतो. दोन घेतो, दुसरं अर्धं टाकतो. मी न बघितल्यासारखं करते.

मला वाटायला लागलंय की पीठ नाही, फरशी नाही, वारा नाही. मीच. हात गेला माझा. तुम्ही इतक्या भट्ट्या बघितल्यात, तुम्ही सांगा. जातो का हात असा, एकदम?

ईरिदे


बिएल्ला, २६ नोव्हेंबर १९७४

मान्यवर ईरिदेबाई,

पत्र मिळालं. कामात होतो.

वयाप्रमाणे हात बदलतो, हे खरं आहे. मी ते बेकऱ्यांत पाहिलं आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. थोडी विश्रांती घ्या. तेल बदलून बघा.

आपला,
सि. पाउतास्सो


लिव्होर्नो, ३० डिसेंबर १९७४

पाउतास्सोसाहेब,

नाताळ बरा गेला असेल अशी आशा करते. तुम्ही स्पष्ट सांगितलंत ते बरं केलंत. इथे सगळे मला सांभाळून घेतात, खरं कुणी बोलत नाही.

दुकान एका माणसाने मागितलंय. भट्टी काढून थंड पेट्या ठेवणार, आइस्क्रीम विकणार. उन्हाळ्यात बोटीने येणारे पुष्कळ असतात, त्याचं बरोबर आहे. जानेवारीच्या अखेरीस कागद करायचे. बहीण म्हणते चेचिनाला येऊन राहा. मन होत नाही, पण जो हात उतरलाय तो घेऊन रोज लोकांसमोर उभं राहायचं, तेही होत नाही. एजिस्तो असता तर म्हणाला असता, वाईट देण्यापेक्षा नको देऊ.

तुमच्या वहीत माझे नऊ गुण आहेत, ते आता खोडा.

ईरिदे लोमी


बिएल्ला, १२ जानेवारी १९७५

ईरिदेबाई,

सही करू नका.

तुमचा हात गेलेला नाही. पीठही बिघडलं नव्हतं. ऑगस्टमध्ये मी भट्टीची फरशी पाणसळीत आणली. तुम्ही स्पष्ट नको म्हणाला होता, तरी आणली.

जे घडलं ते क्रमाने लिहितो. १४ ऑगस्टला सकाळी तडकलेल्या फरश्या उचलल्या. पाणसळ लावली. फरशी भिंतीकडे उतरती होती, साठ सेंटिमीटरला चार मिलिमीटर. मी मापलं होतं त्याच्याशी तंतोतंत जुळणारं. मला आनंद झाला हे कबूल करतो. दाराकडच्या ओळीखाली पाटीच्या दगडाच्या तीन पाचरी सापडल्या. बंदरावर दोर ओढणाऱ्याच्या हातचं काम म्हणजे ओबडधोबड असेल, असं मी गृहीत धरलं होतं. तसं नव्हतं. तिन्ही पाचरी एकाच मापाने घासून घेतलेल्या होत्या. त्यांच्या कडेने भरलेला चुना बोटाने गुळगुळीत केलेला होता, बोटाच्या रेघा अजून दिसत होत्या. चुकून राहिलेल्या गोष्टीला कुणी असा हात फिरवत नाही. हे मला त्याच क्षणी कळायला हवं होतं. मला कळलंही. पण मी स्वतःला सांगितलं की अडाणी माणसाने मेहनतीने केलेली चूक ही चूकच. पाचरी काढल्या, संध्याकाळी कालव्यात टाकल्या.

तुमच्या यजमानांना वारा माहीत होता आणि उतारही माहीत होता. भट्टीत एकच परात मावते, गिऱ्हाइकं मात्र दोन तऱ्हांची, दातांची आणि बिनदातांची. त्यांनी एका परातीत दोघांची सोय केली. मी तीस वर्षं भट्ट्या बांधतोय, हे मला सुचलं नसतं.

तुम्ही सप्टेंबरात सरळ विचारलंत. मी आठ फरश्यांचं उत्तर दिलं. ते वाक्य खोटं नव्हतं आणि मी ते मुद्दाम तसं जुळवलं होतं. मग दोष पिठावर ढकलला. फानुक्की यांना मी ओळखतही नाही आणि त्यांचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक तोडलं. नोव्हेंबरात तुम्ही हाताविषयी विचारलंत, तेव्हा उत्तर लिहायला मला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आयुष्यात मी लिहिलेलं सगळ्यात वाईट पत्र ते आहे.

मला कुणी शिकवलं नाही, मी स्वतः शिकलो, हे मी भेटेल त्याला सांगत आलो. स्वतः शिकणाऱ्याची वही कुणी तपासत नाही. चुकलं तर आपणच खोडायचं, आणि कुणी बघत नसेल तर खोडायचंही नाही. अशी सवय मला लागली आहे.

उताराचं माप माझ्याजवळ आहे. पाचरी पुन्हा घासून घेतो. एका दिवसाचं काम, तुमच्या देखत करीन, किंवा नेदो यांना उभं करा. मासळीवाल्या गल्लीत गेलेले लोक आठ दिवसांत परत येतील. फक्त आइस्क्रीमवाल्याला नाही म्हणा. पत्र मिळताच तार करा, मी पहिल्या गाडीने निघतो.

सिल्व्हानो पाउतास्सो


लिव्होर्नो, ११ फेब्रुवारी १९७५

पाउतास्सो,

तुमचं पत्र शुक्रवारी, ७ तारखेला आलं. कागद २९ जानेवारीला झाले, सकाळी अकराला, वकिलाच्या कचेरीत. भट्टी मंगळवारी, ४ तारखेला फोडली. मी बघायला गेले नव्हते. नेदो गेला होता. तो म्हणाला दोन तासांत झालं.

आधी एजिस्तोचं सांगते. पत्र वाचून मी हसले. सांगते ते खरं आहे, स्वयंपाकघरात एकटी हसत बसले. बावीस वर्षं हा माणूस माझ्याशेजारी भट्टीसमोर उभा राहिला आणि मला वाऱ्याच्या गोष्टी सांगितल्या. का, तेही लगेच कळलं. मला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत मी बाजारभर केलं असतं, आणि लोमीची भट्टी तिरकी आहे म्हटल्यावर लोकांनी दुकानाला पीसा नाव ठेवलं असतं. मग त्याने काय करावं, तर वाऱ्यावर ढकललं. मी इतकी वर्षं गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगत होते की आज लिबेच्चो आहे, भिंतीकडची छान झालीय. तो मागे उभा राहून परात पुसत असायचा आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचा नाही. आता तो असता तर त्याला चांगला बदडला असता.

शनिवारी फानुक्कीकडे गेले. लुक्काच्या वाटेवर आहे त्याची गिरणी, बसने तास लागतो. सगळं सांगितलं. पीठ चांगलं होतं, माझी चूक झाली म्हटलं. तुमचं नाव नाही घेतलं. त्याने पूर्ण ऐकून घेतलं, म्हणाला, "बरं झालं सांगितलंत, मीसुद्धा जातं दोनदा उघडून बघितलं होतं." मग म्हणाला, "आता किती गोणी पाठवू?" मला सांगावं लागलं की दुकान नाही.

सेत्तिमियाबाईंना सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं मी दमले म्हणून बंद केलं. तसंच राहू दे.

तुम्ही फरशी हलवलीत याचा मला वाटायला हवा तेवढा राग येत नाही. सांगितलेलं न ऐकणारे पुरुष मी पुष्कळ बघितलेत, एकाशी तर लग्नच केलं होतं. तुम्हाला वाटलं बाईला कळत नाही, आपण करून ठेवू, ती खूश होईल. ठीक आहे. पण नोव्हेंबरातलं तुमचं पत्र चार ओळींचं आहे. त्यानंतर रोज सकाळी पीठ भिजवताना मी स्वतःच्या हाताकडे बघत असायचे. बोटं पसरून, उलटसुलट करून. हा असा हात, आणि याला काहीतरी झालंय. दोन महिने मी माझा हात परक्यासारखा बघितला. तो चांगला होता, हे तुम्हाला त्या सगळ्या दिवसांत माहीत होतं.

आणि एक. पत्राच्या वर तारीख १२ जानेवारी आहे. मी आधी टपालाला शिव्या दिल्या. पोस्टात गेले, खिडकीतल्या माणसाशी भांडले की सव्वीस दिवस पत्र कुठे फिरत होतं. त्याने शांतपणे पाकीट उलटवून माझ्यासमोर धरलं. बिएल्लाचा शिक्का, ३ फेब्रुवारी. म्हणाला, "बाई, आम्ही चार दिवसांत आणलंय." मी त्याची माफी मागितली. या महिन्यात मी सगळ्यांच्या माफ्या मागतेय.

दुसरा कुणी असता तर वरची तारीख बदलून नवी घातली असती. तुम्हाला ते जमलं नाही. तारीख चुकीची लिहायला तुमचा हात वळत नाही, हे मी ओळखते. म्हणजे "सही करू नका" हे तुम्ही बाराला लिहिलंत, आणि एकोणतीसला मी वकिलाकडे बसले होते, पेन चालत नव्हतं म्हणून त्याने दुसरं दिलं, तेव्हा ते पत्र लिहून तयार होतं. तुमच्या घरी.

मेजाच्या खणात होतं, की त्या वहीत ठेवलं होतं, की रोज डगल्याच्या खिशात घालून टपालपेटीपर्यंत नेत होतात आणि परत आणत होतात, ते मला कळवू नका.

ईरिदे लोमी